उंची वाढवायच्या सर्जरीसाठी डॉक्टर निवडताना नेमकं बघायचं काय?

हल्ली पाय लांब करून घेतलेल्या पोरांचे व्हिडिओ मोबाईलवर सारखे फिरतायत. आधी भिंतीला पाठ लावून टेपने मोजलेली उंची, मग वॉकर, मग तोच मुलगा दोन-तीन इंच उंच होऊन हसत चालताना, आणि खाली सगळ्यांचा एकच प्रश्न, डॉक्टर कोण? मलाही दोघातिघांनी मेसेज करून हेच विचारलं, कारण माझ्या धाकट्या भावाच्या पायाला ॲक्सिडेंटनंतर बाहेरून लोखंडी कड्यांची रिंग बसवलेली आणि त्याचं नडगीचं हाड याच पद्धतीने साडेचार सेंटीमीटर वाढवलेलं हे त्यांना माहीत होतं. त्याचं हाड गेलं होतं म्हणून वाढवावं लागलं, उंचीसाठी नाही, पण हाडाला कारण कळत नाही, ते दोन्हीकडे सारखंच वागतं. ११ महिने त्या पायाशेजारी बसून जे बघितलं आणि नंतर वाचून, डॉक्टरांना विचारून जे समजलं ते इथे लिहितोय. मी डॉक्टर नाही, आणि करा किंवा करू नका असंही सांगणार नाहीये. ज्याला उंचीचा त्रास होतो त्याला तो खरंच होतो, त्यात हसण्यासारखं काही नाही. फक्त डॉक्टर चुकीचा निवडू नका एवढ्यासाठी हा खटाटोप.

हाड लांब होतं म्हणजे नक्की काय होतं

बऱ्याच जणांना वाटतं की पायात काहीतरी तुकडा घालून उंची वाढवतात. तसं नाहीये. हाड एका जागी कापतात, काही दिवस तसंच राहू देतात, शरीर नेहमीप्रमाणे ते जुळवायला घेतं, कापलेल्या जागी मऊ कोवळं हाड तयार व्हायला लागतं आणि नेमकं तेव्हा ती दोन टोकं रोज थोडीथोडी लांब न्यायची. शरीर बिचारं मधली फट भरत राहतं, आपण फट वाढवत राहतो. याला डिस्ट्रॅक्शन ऑस्टिओजेनेसिस म्हणतात, हे नाव एकदाच सांगतो, पुढे आपण सरळ हाड ताणणं म्हणू.

पाय लांब करायचा प्रयत्न जुना आहे, इटलीच्या कोडिव्हिला यांनी १९०५ मध्येच मांडीचं हाड लांब करण्याबद्दल लिहिलं होतं. पण ते जमवून दाखवलं सायबेरियातल्या कुर्गान शहरातल्या डॉ. गाव्रिल इलिझारोव्ह यांनी, १९५० नंतरच्या काळात, पायाभोवती लोखंडी कड्या आणि हाडातून आरपार ताणलेल्या तारा वापरून. उंच उडीत १९६४ चं ऑलिम्पिक गोल्ड जिंकलेला व्हॅलेरी ब्रुमेल मोटरसायकल ॲक्सिडेंटमध्ये पाय मोडून बसला, बरीच ऑपरेशनं वाया गेली आणि शेवटी इलिझारोव्हांकडे बरा होऊन परत उडी मारायला लागला. बाहेरच्या जगाला ही पद्धत कळली ती कार्लो माउरी या इटालियन गिर्यारोहकामुळे, तो कुर्गानला जाऊन बरा होऊन आला आणि मग १९८१ मध्ये इलिझारोव्हांना इटलीत बोलवून घेतलं गेलं. सांगायचा मुद्दा हा की ही पद्धत मोडलेल्या, वाकड्या, आखूड पायांसाठी जन्मली, आणि त्यातले खरे जाणकार आजही तेच काम रोज करणारे डॉक्टर आहेत. हा मुद्दा पुढे लागणारे.

दिवसाला एक मिलिमीटर, एवढंच

कापल्यावर साधारण ५ ते १० दिवस थांबतात, मग ताणायला सुरुवात. वेग दिवसाला साधारण १ मिलिमीटर, तोही एकदम नाही, बऱ्याचदा पाव-पाव मिलिमीटर करून चार वेळा. नडगीच्या हाडाला कधीकधी त्याहून हळू. भावाच्या रिंगवर चार चौकोनी नट होते, त्यांच्यावर मार्करने ठिपका केलेला, सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा आणि रात्री बारा वाजता मी छोट्या पान्याने प्रत्येक नट पाव फेरा फिरवायचो. एकही वेळ चुकवली नाही. फिरवताना काही दुखायचं नाही त्याला, दुखायचं ते रात्री, पोटरीत, जणू कुणी आतून दोरी आवळतंय असं तो म्हणायचा.

कारण हाड वाढतं, पण हाडासोबत स्नायू, नस (म्हणजे मज्जातंतू), रक्तवाहिन्या आणि कातडी यांनाही तेवढंच लांब व्हावं लागतं आणि त्यांचा वेग हाडाएवढा नसतो. तंबोऱ्याची खुंटी जशी हळूहळू पिळतात, पिळता पिळता कान तारेकडे ठेवतात, तसं हे काम आहे. जोरात पिळली तर तार तुटते. पायात तार म्हणजे नस. आणि उलटं पण होतं, फार हळू ताणलं तर हाड मध्येच जुळून बसतं आणि परत कापावं लागतं.

५ सेंटीमीटरला ५० दिवस, इथवर हिशोब सगळे करतात, आणि चुकतात ते इथेच. ताणणं संपलं तेव्हा मधलं हाड कोवळंच असतं. घराचा स्लॅब टाकला की सेंटरिंग लगेच काढतात का? पाणी मारत दिवस काढायला लागतात. तसंच हे हाड पक्कं व्हायला ताणण्याच्या काळापेक्षा बराच जास्त वेळ लागतो, बाहेरून रिंग असेल तर ढोबळ हिशोब सेंटीमीटरला एक महिना किंवा त्याहून जास्त असा धरतात, मोठ्या माणसांत जास्तच. एक्सरे समोरून आणि बाजूने काढतात, त्यात हाडाच्या चार कडा दिसतात, त्यातल्या निदान तीन कडा सलग दिसल्या की मग वजन टाकायची परवानगी. भावाच्या पहिल्या एक्सरेत त्या जागी नुसता धूर दिसत होता, तिसऱ्या महिन्यात धुरात उभ्या रेघा आल्या, आणि एक कड तर सातव्या महिन्यापर्यंत भरतच नव्हती.

आता बघा, ऑपरेशन काही तासांचं, त्यानंतरचं काम आठ-दहा महिन्यांचं. बिघडतं ते बहुतेक या महिन्यांत. म्हणून डॉक्टर निवडताना त्याचा हात किती सफाईदार आहे हे बघणं गरजेचं आहेच, पण त्याहून जास्त बघायचं ते हे की हे आठ-दहा महिने तो तुमच्या पायावर नजर ठेवणार का, आणि वेळ आली तर 'बास, आता थांबायचं' म्हणणार का.

रिंग की आतला रॉड, हे आधी ठरवू नका

लोक डॉक्टर शोधायच्या आधी मशीन शोधतात. थोडक्यात सांगतो. एक पद्धत बाहेरच्या रिंगची, स्वस्त, बळकट, पण तारा कातडीतून जातात म्हणून तिथे पू होण्याची भीती आणि रोज ड्रेसिंग. दुसरी, हाडाच्या आत रॉड आणि बाहेर फिक्सेटर (हाड बाहेरून धरून ठेवणारी चौकट) दोन्ही, म्हणजे बाहेरचं लवकर काढता येतं. तिसरी, पूर्ण आतला रॉड ज्यात लोहचुंबक असतो, मांडीवर बाहेरून एक मशीन धरलं की आतला चुंबक फिरतो आणि रॉड दुर्बिणीसारखा लांब होतो. प्रिसाइस नावाचा असा रॉड अमेरिकेत २०११ पासून आहे, जखमा कमी, रोजचं ड्रेसिंग नाही, पण हाड पक्कं होईपर्यंत पूर्ण वजन टाकता येत नाही.

मग २०१८ मध्ये स्ट्राइड नावाचा स्टीलचा रॉड आला, वजन पेलणारा, लोक खूश झाले की पहिल्या दिवसापासून चालता येणार. २०२१ मध्ये तो बाजारातून मागे घेतला गेला, कारण रॉडच्या सांध्यापाशी गंज आणि आजूबाजूच्या हाडात बदल दिसायला लागले. हे घाबरवायला नाही सांगत, यातून डॉक्टरला विचारायचा प्रश्न निघतो म्हणून सांगतो. तुम्ही वापरता तो रॉड किती वर्षं वापरताय, आणि तो अडकला, लांबच झाला नाही किंवा वाकला तर काय करता? ज्याने हे कधी हाताळलंय तो लगेच दोन-तीन प्रसंग सांगेल. ज्याच्याकडे एकच पद्धत आहे तो प्रत्येकाला तीच गळ्यात मारणार, हे साहजिक आहे, म्हणून दोन्ही-तिन्ही येणारा डॉक्टर बरा.

कुठला डॉक्टर, कॉस्मेटिक सर्जन का हाडांचा?

हाडांचाच. आणि हाडांच्या डॉक्टरांतही गुडघा बदलणारा, मणक्याचा, खांद्याचा असे वेगवेगळे असतात. तुम्हाला हवाय तो पाय सरळ करणारा, आखूड पाय लांब करणारा, न जुळलेलं हाड जुळवणारा. कारण तुमच्या सर्जरीत जे बिघडू शकतं तेच त्याचं रोजचं काम आहे. ज्याने नुसत्या धडधाकट पोरांची उंची वाढवलीय आणि बिघडलेला पाय कधी दुरुस्त केलेला नाही, त्याच्याकडे सगळं नीट चाललं तर ठीक, नाहीतर तो तुम्हाला दुसरीकडे पाठवणार, आणि दुसऱ्याने बिघडवलेली केस हातात घ्यायला चांगले डॉक्टरही दहा वेळा विचार करतात.

पहिल्या भेटीत तो काय करतो ते नीट बघा. कंबरेपासून घोट्यापर्यंतचा उभ्याने काढलेला लांब एक्सरे मागतो का? मांडीचं हाड आतल्या रॉडवर लांब करताना गुडघ्यातून जाणारी वजनाची रेष थोडी बाहेर सरकते, आधीच पाय वाकडे असतील तर आणखी बिघडू शकतं, हे मोजल्याशिवाय ऑपरेशन ठरवणं म्हणजे नकाशा न बघता पाया खणणं. नडगीची सर्जरी असेल तर शेजारचं बारीक हाडही कापावं लागतं आणि ते वर-खाली दोन्हीकडे नडगीला धरून ठेवावं लागतं, नाहीतर घोट्याची जागा हलते. ते कसं धरून ठेवणार हे विचारा. दोन्ही मांड्या एकाच दिवशी करणार असेल तर हाडातली चरबी रक्तातून फुप्फुसात जायचा धोका कसा कमी करतो, आधी भोकं पाडून दाब काढतो का दोन पायांमध्ये काही दिवसांचं अंतर ठेवतो, तेही विचारा. हे विचारल्यावर चिडणारा डॉक्टर असेल तर तिथेच नमस्कार करून उठा. पाय तुमचा आहे.

सिगारेटबद्दल आणि रक्तातल्या व्हिटॅमिन डीबद्दल त्याने स्वतःहून विचारलं तर चांगलं लक्षण समजा. सिगारेटने हाड धरायला उशीर होतो, ओढणाऱ्याला चांगले डॉक्टर आधी सोडायला लावतात. काही पेनकिलरनेही हाड जुळणं मंदावतं, म्हणून दुखतंय म्हणून मनाने गोळ्या आणून खाणं इथे महागात पडतं.

"पण त्यांना तर एकही कॉम्प्लिकेशन नाही म्हणे"

मग मला जास्त भीती वाटते. १९९० मध्ये या क्षेत्रातले नावाजलेले सर्जन डॉ. ड्रोर पेली यांनी बिघाडांचे तीन गट पाडले. औषधाने, फिजिओने किंवा वेग कमी करून उपचार संपायच्या आत सुटणारी अडचण, हा एक. परत ऑपरेशन करून सुटणारी, हा दुसरा. आणि उपचार संपल्यावरही मागे उरणारी, हा तिसरा. आता एखादा डॉक्टर फक्त तिसरा गट मोजून 'माझ्याकडे काही बिघडत नाही' म्हणत असेल तर तो खोटं बोलत नाहीये, पण तुम्हाला जे ऐकू येतं ते खरं नाहीये. म्हणून असं विचारा, तुमच्या गेल्या काही पेशंटपैकी किती जणांना ठरलेल्या ऑपरेशनशिवाय आणखी ऑपरेशन लागलं आणि कशासाठी? या प्रश्नाला गोल गोल उत्तर देता येत नाही.

बिघडू शकतं तरी काय? हाड जुळायला उशीर किंवा न जुळणं, वाकडं जुळणं, पू, पायात रक्ताची गुठळी, गुडघा न वाकणं, आणि नडगीच्या सर्जरीत टाच वर उचलली जाऊन जमिनीला न टेकणं, म्हणजे माणूस कायम चवड्यावर चालल्यासारखा. सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं ते नसेकडे. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला एक नस हाडाला चिकटून जाते, ती ताणली गेली की पाऊल वर उचलता येत नाही. भावाचे डॉक्टर दर भेटीत, एक्सरे बघायच्याही आधी, त्याला म्हणायचे अंगठा वर कर, आणि त्याच्या अंगठ्यावर बोट दाबून धरायचे. मग पावलाच्या वरच्या भागावर कापूस फिरवायचे. अर्ध्या मिनिटाचं काम. पाचव्या आठवड्यात अंगठ्याचा जोर कमी लागला, त्यांनी त्याच मिनिटाला नट फिरवणं चार दिवस बंद करायला सांगितलं आणि नंतर वेग अर्धा केला. जोर परत आला. तेव्हा मला त्या अर्ध्या मिनिटाची किंमत कळली, आणि आज कोणी विचारलं ना की चांगला डॉक्टर ओळखायचा कसा, तर मला ते बोटच आठवतं.

"मला आठ-दहा सेंटीमीटर पाहिजेत, एक डॉक्टर तयार आहे"

एका वेळी नडगीत साधारण ५ आणि मांडीत ५ ते ८ सेंटीमीटर, अनुभवी लोक याच्या आसपास थांबतात. जितकं जास्त ताणाल तितकं स्नायू आणि सांध्यांवर ओझं जास्त, शिवाय पाय लांब झाले तरी हात आणि धड तेवढेच राहतात. तुम्ही मागाल तेवढं कबूल करणारा डॉक्टर तुम्हाला आवडेल हे मला माहितीय, पण विचार करा, ज्याने पहिल्या दिवशी नाही म्हटलं नाही तो चाळिसाव्या दिवशी, टाच टेकत नसताना, तुम्ही 'अजून अर्धा सेंटीमीटर फक्त' म्हणून हट्ट कराल तेव्हा नाही म्हणेल का? आणि हट्ट कराल, सगळे करतात, एवढं सोसलंय तर अजून थोडं असं वाटतंच. तुम्ही किती जणांना सर्जरी नाकारली आणि किती जणांना मध्येच थांबवलं, हे मी तरी पहिल्या पाच प्रश्नांत विचारेन.

"मला मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला सांगितलं, म्हणजे वेडा समजतात का?"

नाही हो. काही जणांच्या मनात स्वतःच्या शरीराबद्दलचा त्रास इतका खोल असतो की उंची वाढली तरी तो जात नाही, मग नाकाकडे वळतो, केसांकडे वळतो. अशा माणसाला पाय लांब करून दिला तर त्याचं दुःख तसंच राहतं आणि वर पायाचं दुखणं. म्हणून चांगले डॉक्टर आधी बोलायला पाठवतात. शिवाय अनेक महिने कामधंदा बाजूला ठेवून, दुसऱ्यावर अवलंबून, रात्री नीट झोप नसताना काढायचेत, त्याला मनाची तयारी लागते. जिथे फोनवरच तारीख आणि ॲडव्हान्स मागतात तिथे तुमची ही बाजू बघायला कोणी बसलेलं नाही असं समजा.

"लांब जाऊन स्वस्तात करून आलो तर?"

चीनच्या आरोग्य मंत्रालयाने २००६ मध्ये निव्वळ उंचीसाठी ही सर्जरी करायला बंदी घातली, वाईट केसेस फार झाल्या म्हणून. पण बंदी असो नसो, लांब जाण्यातली खरी अडचण वेगळीच आहे. ऑपरेशन तिकडे, ताणणं इथे घरी आणि एक्सरे व्हॉट्सॲपवर. फोटोत हाड दिसतं, अंगठ्याचा जोर दिसत नाही. जायचंच असेल तर ताणण्याचा पूर्ण काळ तिथेच राहायची सोय करा, आणि परत आल्यावर तुमच्या गावातला कोणता हाडांचा डॉक्टर तुम्हाला बघणार हे जायच्या आधी त्याच्याशी बोलून ठरवा, आल्यावर नाही. फिजिओ रोज लागतो, आठवड्यातून दोनदा नाही, तो पॅकेजमध्ये आहे का, किती महिने आहे, हे कागदावर घ्या. रात्री दोन वाजता पोटरी दगडासारखी झाली तर फोन कोण उचलणार, त्या माणसाचं नाव विचारा. कोऑर्डिनेटर हे उत्तर नाही.

पेशंट आणून देणाऱ्याला कमिशन मिळतं अशी व्यवस्था पण या धंद्यात असते, तेव्हा जो व्हिडिओ बघून तुम्ही भारावलात त्याला सवलत मिळाली होती का, हे त्याला सरळ विचारायला लाजू नका.

"पण जुन्या पेशंटशी बोललो, सगळे खूश आहेत"

कोणी दिले ते नंबर? क्लिनिकने दिले असतील तर ते खूश असणारच. तुम्ही स्वतः शोधलेले, आणि सर्जरीला दोन-तीन वर्षं झालेले बघा. सहाव्या महिन्यात माणूस आनंदात असतो, नवीन उंची, नवीन कपडे. तीन वर्षांनी विचारा की पळता येतं का, मांडी घालून बसता येतं का, जिना उतरताना काय होतं, थंडीत दुखतं का. शक्य असेल तर समोर चालून दाखवायला सांगा, विनंती करून. फोटोत उभा राहिलेला माणूस दिसतो, त्याची चाल दिसत नाही.

आणि एक गोष्ट बहुतेक सगळे विचारायचीच विसरतात. आतला रॉड कायमचा नसतो, साधारण वर्ष-दोन वर्षांनी तो काढावा लागतो, म्हणजे परत भूल, परत ऑपरेशन, परत काही आठवडे जपणं. तो कोण काढणार, त्याचे पैसे आत्ताच्या आकड्यात धरलेत का, आणि तोवर हे डॉक्टर याच हॉस्पिटलला असतील का, हे विचारून उत्तर लिहून घ्या, आणि त्याखाली डॉक्टरची सही घ्या.